बारा पक्ष्यांची वाकळ: चालढकल होत असतानाही हाताने पुरी करण्याची रीत

माझी पहिली पक्ष्यांची वाकळ, म्हणजे कापडी पक्षी शिवलेली गोधडी, पुरी व्हायला तीन वर्षं आठ महिने लागले. त्यातला बराच काळ ती उशीच्या जुन्या अभ्र्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती आणि मी त्या कप्प्याकडे बघायचं टाळत होते. दुसरी शिवायला घेतली तेव्हा पहिलीच्या वेळची वही काढून नोंदी वाचल्या. शिवता शिवता मी एकदाही महिनोन्‌महिने थांबले नव्हते. प्रत्येक मोठा खंड काहीतरी ठरवायचं राहिलं तिथे पडला होता. हळद्याच्या डोळ्यापाशी अकरा आठवडे गेले. किनारीचा रंग कोणता घ्यावा यात एक अख्खा पावसाळा गेला. सुई हातात असताना काम आपोआप चालत होतं.

म्हणून या लेखात शिवण्याइतकंच ठरवण्याबद्दल सांगणार आहे. ज्यांच्याकडे अर्धवट गोधडी पडून आहे आणि ज्यांना नवीन सुरू करायची आहे, अशा दोघांनाही उपयोग होईल. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला गोधडीला वाकळ म्हणतात, मी तोच शब्द वापरते.

आधी माप, मग दोऱ्यांचा हिशेब

पहिल्या वेळी पूर्ण पलंगाची वाकळ करू नका. १२ इंचांचे १२ चौकोन घ्या, आडवे तीन आणि उभे चार. त्याला चारही बाजूंनी ३ इंचांची किनार लावली की तयार माप ४२ बाय ५४ इंच होतं. बाळाला दुपटं म्हणून किंवा मोठ्या माणसाच्या पायावर घ्यायला हे पुरतं. हे माप निवडायचं आणखी एक कारण आहे. सुती साडीचा पन्हा (रुंदी) साधारण ४५ इंच असतो, त्यामुळे अस्तराला कुठेही जोड द्यावा लागत नाही. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. तिच्यातून ५७ इंचांचे तीन तुकडे निघतात: एक अस्तराला, दोन मधल्या थरांना. वरचा पक्ष्यांचा थर धरून एकूण चार थर झाले. महाराष्ट्रातल्या बहुतेक हवेला एवढी ऊब पुष्कळ आहे, आणि चार थरांतून सुई सहज जाते.

आता हिशेब. वेळ तासांत मोजू नका, दोऱ्यांत मोजा. एक दोरा म्हणजे एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १८ इंच. याहून लांब घेतला तर पीळ बसतो, गाठी पडतात आणि नेढ्यापाशी झिजून तुटतो. गाठ आणि शेवट वगळून एका दोऱ्यात फूटभर धावदोरा (वर-खाली जाणारा साधा टाका) होतो. ओळी एकेक इंचावर घातल्या तर या मापाच्या वाकळीवर सुमारे २,२७० इंच धावदोरा लागतो, म्हणजे १९० दोरे. एका पक्ष्याला कडा, पंख आणि भरतकाम धरून दहाएक दोरे, बारा पक्ष्यांना १२०. चौकोन आणि किनार जोडायला ३२. कडा दुमडून शिवायला २०. एकूण ३६०च्या आसपास.

रोज एक दोरा शिवला तर वर्ष लागतं. एका दोऱ्याला दहा-पंधरा मिनिटं जातात. एक दिवसाआड शिवलं तर दोन वर्षं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि शिवलेल्या प्रत्येक दोऱ्यासाठी एक उभी रेघ मारा, पाचव्याला आडवी. ‘वाकळ पुरी करायची’ या विचाराने छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. एक दोरा मात्र कुकरची शिट्टी होईपर्यंतही संपतो.

कापड

वाकळीचं खरं आयुष्य कापडाच्या निवडीत असतं, म्हणून इथे घाई करू नका. जुनी साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. बसण्याचा भाग आणि पायाशी येणाऱ्या निऱ्यांची कड आधी विरते; पदर आणि आत खोचलेलं टोक त्या मानाने धड राहतं. साडी खिडकीसमोर उजेडात धरा. जिथे धागे विरळ दिसतील तिथे दोन्ही हातांनी हलका ताण द्या. ‘चर्र’ झालं तर तो भाग मधल्या थरातसुद्धा घालू नका, कारण आतलं कापड फाटलं की वरच्या टाक्यांना धरायला काही उरत नाही. माझ्या आजीच्या नऊवारीतून मला मोजून दीड तुकडा धड मिळाला. जीव कळवळला, पण उरलेल्या भागाच्या पट्ट्या काढून पक्ष्यांच्या पोटांना वापरल्या.

पक्ष्यांसाठी घट्ट विणीचं सुती कापड हवं. जुन्या शर्टांचं पॉपलिन उत्तम: कड सुटत नाही आणि दुमड नखाने दाबली तरी बसते. टेरिकॉट आणि नायलॉन दुमडीत राहत नाहीत, ते टाळा. खणाचं कापड दिसायला फार सुरेख, पण कापल्याबरोबर धागे सुटतात. लहान आकारांना ते नको, किनारीला शोभेल.

रंग जातो का ते आधीच बघा. ओला पांढरा रुमाल कापडावर घासा. डाग पडला तर कापड कोमट पाण्यात भिजवा, पाणी बदला, पुन्हा भिजवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. बाजारातल्या रंगांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. माझ्या एका तांबटाच्या छातीचा लाल रंग पहिल्या धुण्यातच शेजारच्या चौकोनात उतरला. मीठ मी नेमाने घातलं होतं.

ठरवण्याचा एकच दिवस

एखादा रविवार निवडा आणि त्या दिवशी सुई हातात घेऊ नका. फक्त ठरवा: कोणते बारा पक्षी, कोणता कुठे बसणार, कोणाचं तोंड कुठे, कोणत्या पक्ष्याला कोणतं कापड, पार्श्वभूमी, किनार. बाराही चौकोनांची कापडं घडी करून बारा कागदी पाकिटांत घाला, वर पक्ष्याचं नाव लिहा. आत त्याचे साचे आणि भरतकामाच्या दोऱ्याची लडीही ठेवा. पुढचं दीड-दोन वर्षं तुम्ही फक्त पाकीट उघडायचं आहे. थकलेल्या संध्याकाळी रंग निवडायला लागला की वाकळ कपाटात गेलीच समजा.

माझे बारा असे, सोप्याकडून अवघडाकडे. हरियाल, होला, चिमणी, तांबट हे चार आधी. अंग गोलसर, चोच आखूड, शेपटी साधी. हरियाल हा आपला राज्यपक्षी, कबुतराच्या बांध्याचा, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. मग बुलबुल, दयाळ, हळद्या, भारद्वाज, खंड्या. शेवटी कोतवाल, वेडा राघू आणि शिंपी. कोतवालाची दुभंगलेली शेपटी आणि वेड्या राघूच्या शेपटीतली ती दोन सुईसारखी पिसं शिकाऊ हाताला जमत नाहीत, आणि पहिल्याच आठवड्यात तिथे अडकलात तर मन उडतं. शिंपी लहानसा म्हणून अवघड. पण तो हवाच. पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडून त्यांतून कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून जो घरटं शिवतो, त्याला शिवणकामातून कसं वगळायचं?

सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करू नका. उजव्या रांगेतल्यांना डावीकडे, डाव्या रांगेतल्यांना उजवीकडे बघू द्या, म्हणजे नजर वाकळीच्या आत राहते.

साचा आणि कापणी

पक्षी ८ ते ९ इंचांत बसवा, म्हणजे चारही बाजूंना निदान दीड इंच मोकळा राहतो. चिमणी आणि भारद्वाज खऱ्या प्रमाणात दाखवायचा हट्ट नको, चिमणी दिसायचीच नाही. चित्रात तपशील कमी ठेवा आणि ओळख पटवणारी एकच खूण नीट काढा: बुलबुलाचा तुरा आणि शेपटीखालचा लाल ठिपका, खंड्याचं मोठं डोकं आणि जाड चोच, दयाळाची वर उचललेली शेपटी, भारद्वाजाचे विटकरी पंख.

साच्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्या. अंग, पंख, पोट यांचे वेगळे साचे कापा. ते कापडाच्या सुलट बाजूवर ठेवून अंघोळीच्या साबणाच्या झिजलेल्या चिपटीने भोवती रेघ ओढा. धुतल्यावर मागमूस राहत नाही. कापताना रेघेबाहेर जेमतेम पाव इंच माया, म्हणजे दुमडायला जास्तीचं कापड, सोडा. पाठीची लांब रेषा शक्यतो उभ्या धाग्यावर येऊ द्या. उरेब, म्हणजे तिरकी, आली तर शिवताना ताणली जाते आणि पक्षी कुबडा दिसतो.

पार्श्वभूमीचे चौकोन आधी १३ इंचांचे कापा आणि पक्षी शिवून झाल्यावर साडेबारावर आणा. ठिगळ लावताना कापड थोडं आवळतं, तेवढी सोय हवी. साडेबारापैकी दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया जोडात जाते आणि १२ उरतात.

पक्षी शिवणं

मागे असलेला तुकडा आधी, पुढचा नंतर. म्हणजे शेपटी, मग अंग, मग पोट, शेवटी पंख. जो कडेचा भाग दुसऱ्या तुकड्याखाली जाणार आहे तो दुमडायचा नाही, सपाट ठेवायचा, नाहीतर तिथे गाठोडं होतं. तुकडा बसवून मध्यातून कच्चा टाका (नंतर काढून टाकायचा) घाला. टाचण्यांनीही भागतं, पण दोरा त्यांत सारखा अडकतो आणि एवढंसं निमित्त काम खाली ठेवायला पुरतं.

आता मुख्य कसब. कडेच्या पुढच्या अर्ध्या इंच लांबीची माया सुईच्या टोकाने आत ढकला, अंगठ्याने दाबा. सुई पार्श्वभूमीतून वर काढा, दुमडीचे दोनच धागे उचला आणि जिथून आलात तिथेच पुन्हा खाली जा. टाका दुमडीत लपतो. एका इंचात दहा-बारा टाके. दोरा पक्ष्याच्या रंगाचा घ्या, पार्श्वभूमीच्या नाही. मान-छातीसारख्या आत वळणाऱ्या जागी मायेला रेघेच्या दोन धागे अलीकडेपर्यंत बारीक छेद द्या, तरच ती वळते. बाहेर वळणाऱ्या जागी छेद देऊ नका, तिथे टोकं निघतात. कोतवालाच्या शेपटीच्या बेचक्यात एकच छेद द्यायचा, अगदी रेघेपर्यंत, आणि त्या जागी चार-पाच टाके दाटीने घालायचे. ती जागा आधी चिंधीवर करून बघा. मी तीन चिंध्या खर्च केल्या तेव्हा हात बसला.

पाय कापडाचे करू नका. देठटाक्याने काढा, भरतकामाच्या दोऱ्याच्या सहा पदरांपैकी दोन पदर घेऊन. वेड्या राघूची शेपटीतली पिसंही तशीच. चोच लहान असेल तर भरीव टाक्याने.

डोळ्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तिथे मी अकरा आठवडे थांबले होते. डोळा चुकला की पक्षी मेल्यासारखा दिसतो, ही भीती खरी आहे. मात्र भीती घालवायची कृतीही सोपी आहे: एकाच चिंधीवर दहा डोळे काढा. काळ्या दोन पदरांचा गाठीचा टाका, आणि त्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या एका पदराचा एकच टाका, चमक म्हणून. दहाव्यापर्यंत हात थरथरायचा थांबतो. डोळा आपल्याला वाटतो त्याहून चोचीच्या जवळ असतो. तांबटाला डोळ्याच्या वर-खाली पिवळे पट्टे, हळद्याला डोळ्यातून गेलेली काळी रेघ, भारद्वाजाचा डोळा लाल. डोळा प्रत्येक पक्ष्याचा त्याच बैठकीत काढून टाका. ‘सगळ्यांचे शेवटी एकदम काढू’ म्हणालात तर बारा आंधळे पक्षी कपाटात जातील.

दोन बैठकींच्या मधली वेळ

काम थांबवताना दोरा संपवून थांबू नका. नवा दोरा ओवा, गाठ मारा, दोन टाके घाला आणि मग ठेवा. उद्या येऊन नेढं शोधण्यापासून सुरुवात करायची नसली की हात चटकन जातो. ज्यांची नजर उतरली आहे त्यांनी सकाळच्या उजेडात पाच-सहा सुया ओवून ठेवाव्यात. सोबत एक चिठ्ठी लावा, पुढची एकच कृती लिहून: ‘डावा पंख, खालची कड’. तीन महिन्यांनी परत आलात तर ही चिठ्ठीच तुम्हाला हाताला धरून बसवते.

पावसाळ्यात मात्र सुई कापडात राहू देऊ नका. दमट हवेत सुई आणि टाचण्या गंजतात, तो डाग निघत नाही. ओवलेली सुई लोकरीच्या तुकड्यात खोचा आणि काम सुती अभ्र्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवला तर बरं. महिन्यातून एकदा घडी बदला.

मोठा खंड पडला आणि परत बसायची लाज वाटत असेल तर अडलेल्या पक्ष्यापासून सुरुवात करू नका. पूर्ण झालेले दोन चौकोन जोडा. सरळ बारा इंच, एक दोरा. यात ठरवायचं काहीच नसतं, आणि दोन पक्षी शेजारी आलेले दिसतात. मी प्रत्येक वेळी अशीच परत आले आहे. मोबाइलवर दुसऱ्यांच्या गोधड्या बघत बसणं आणि नवी कापडं आणणं याला मी पूर्वी ‘तयारी’ म्हणत असे. आता त्याला वहीत रेघ मिळत नाही.

चूक दिसली तर लगेच उसवू नका. चौकोनाच्या मागे रंगीत दोऱ्याचा एक टाका खूण म्हणून घाला आणि पुढे जा. आणखी तीन पक्षी झाल्यावर तोच चौकोन हातभर अंतरावरून बघा. माझ्या पाच खुणांपैकी चार मी तशाच सोडल्या. पाचवा दयाळ उसवला, तो खरोखर बदकासारखा झाला होता.

थर घालणं

बारा चौकोन धावदोऱ्याने जोडा, दर दोन-तीन इंचांवर एक उलटी टीप घाला म्हणजे जोड उसवत नाही. किनारीच्या सव्वातीन इंचांच्या पट्ट्या लावा. मग फरशी पुसून अस्तर उलटं पसरा, सुरकुती काढा, कडा चिकटपट्टीने फरशीला लावा. त्यावर ४२ बाय ५४चे दोन थर, त्यावर पक्षी. अस्तर चारही बाजूंनी दीड इंच बाहेर दिसलं पाहिजे. साडीचा पन्हा कमी भरला तर किनार तेवढी अरुंद करा. कोपऱ्यांवर वजनं ठेवा, आमच्याकडे पाटा-वरवंटा असायचा. मध्यापासून बाहेर, दर चार इंचांवर कच्चा धावदोरा घाला.

हे काम दोघांनी एका बैठकीत करायचं. गावी उन्हाळ्यात, शेतीची कामं सरली की ओसरीवर शेजारणी जमून वाकळा भरायच्या त्या यासाठीच. एकट्याने चालढकल होते. चहाला बोलावलेली मैत्रीण दारात आली की फरशी पुसावीच लागते.

कडेकडून आत

पाश्चात्त्य पद्धतीत मध्यापासून बाहेर शिवतात. मी आजीसारखी कडेपासून आत जाते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकाही त्यांची कवंदी अशीच कडेकडून मध्याकडे शिवतात. रेंगाळणाऱ्यांसाठी ही रीत जास्त बरी, कारण कडा पहिल्या दिवसांतच बंद होतात. वाकळ मग दोन वर्षं पडून राहिली तरी धागे सुटत नाहीत, आणि थंडीत ती पायावर घेऊनच पुढचं शिवता येतं. एक तोटा आहे: कापड मध्याकडे सरकत जातं. म्हणून कच्चा टाका दाट हवा आणि प्रत्येक ओळीआधी तळव्याने कापड आतून बाहेर सारायचं.

अस्तराची दीड इंच कड दुहेरी दुमडून पुढे आणा, पाऊण इंचाची पट्टी दिसेल. पक्ष्यांना घातला तोच लपता टाका घाला. मग तिच्या आतून पहिली ओळ. पुढच्या ओळींसाठी रेघा मारायची गरज नाही, अंगठ्याचं पेर ठेवून अंतर बघा. जाड सुती दोरा एकेरी, हवा तर मेणावरून ओढलेला. इंचात पाच-सहा टाके पुरेत. डावा हात खाली ठेवा, सुईचं टोक त्या बोटाला लागलं की वर वळवा. मधल्या बोटात अंगुस्तान (शिवणाची टोपी) घाला.

ओळ पक्ष्यापाशी आली की थांबा, सुई मधल्या थरांतून सरकवून पलीकडे काढा आणि पुढे जा. पक्षी मोठा असेल तर दोनदा सरकवावी लागते. चारही बाजूंच्या ओळी झाल्या की पक्ष्याच्या कडेला लागून एक फेरा मारा, तो वर उचलून येतो. पंखाच्या रेषेवरही एक ओळ हवी, नाहीतर पोटाखालचे थर सैल राहतात.

मध्यापर्यंत पोहोचलात की कच्चा दोरा काढा. अस्तराच्या कोपऱ्यात नाव आणि दोन तारखा दोऱ्याने लिहा: पहिला दोरा घातला ती आणि शेवटचा घातला ती. पहिलं धुणं गार पाण्यात, बादलीत, न पिळता. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि चटईवर सावलीत आडवी पसरा. दोरीवर टांगली तर ओलं वजन वरच्या टाक्यांवर येतं. वाळल्यावर ओळींच्या मधलं कापड किंचित फुगतं, बारीक सुरकुत्या येतात. त्या इस्त्रीने घालवू नका.